'पद्धती', 'तत्त्व' आणि 'यंत्र' : बोल्टन–वॉट पेटंटाचा शब्देतिहास

नव्या उद्योगाचे भांडवल कशात असते, ह्या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून जमीन, यंत्रसामग्री, रोकड व पत अशा नावांनी दिले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे नांदलेल्या एका भागीदारीचे भांडवल मात्र मुख्यतः एका कागदावरील सात कलमांत साठविलेले होते. मॅथ्यू बोल्टन व जेम्स वॉट ह्यांची ही भागीदारी १७७५ साली सुरू झाली आणि १८०० साली, त्या कागदाची मुदत संपताच, संपली. उद्योगाच्या आणि यंत्रविद्येच्या इतिहासकारांनी तिच्याविषयी विपुल लिहिले आहे. तथापि तिच्या दैवाचा निवाडा शेवटी ज्या प्रश्नावर झाला तो यंत्रविद्येचा नव्हता व अर्थशास्त्राचाही नव्हता. तो शब्दार्थाचा होता. 'पद्धती' म्हणजे काय, 'तत्त्व' म्हणजे काय, आणि 'यंत्र' व 'पद्धती' हे शब्द एकाच वस्तूचे वाचक होऊ शकतात काय, ह्याचा खल इंग्लंडच्या न्यायालयांत सहा वर्षे चालला. आज ज्यांस 'स्टार्टअप' म्हणतात त्या नवोद्योगांच्या बौद्धिक संपदेची चर्चा करताना वॉटचा दाखला वारंवार दिला जातो; पण त्या दाखल्यातील भाषेचा भाग बहुधा गाळला जातो, आणि गाभा तर तोच आहे.

'पेटंट' ह्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'उघडे' एवढाच. राजाची जी पत्रे मोहोर फोडल्यावाचून वाचता येत, जी कोणा एकास नव्हे तर सर्व प्रजाजनांस उद्देशून असत, ती 'उघडी पत्रे'. आपल्याकडील सनदेचे कार्य ह्या पत्रांच्या कार्याहून फारसे निराळे नव्हते. पदव्या, जमिनी, अधिकार ह्यांप्रमाणेच एखाद्या मालाचा मक्ताही अशा पत्राने दिला जाई. मिठापासून खेळण्याच्या पत्त्यांपर्यंत अनेक जिनसांचे मक्ते दरबारच्या मर्जीतल्या मंडळींकडे जाऊ लागले, तेव्हा पार्लमेंटाने १६२४ साली मक्त्यांविरुद्धचा प्रसिद्ध कायदा केला. त्या कायद्यात एक अपवाद राखला होता : नव्या 'मॅन्युफॅक्चर'च्या खऱ्या व प्रथम शोधकास चौदा वर्षांपर्यंत अनन्य हक्क देता येईल. पुढील सारा वाद ह्या एका शब्दाच्या पोटात होता. 'हाताने करणे' अशी त्याची व्युत्पत्ती आहे. आणि क्रिया व क्रियेचे फळ असे दोन्ही अर्थ तो वाहतो. मराठीतील 'विणकाम' किंवा 'भरतकाम' हे शब्द असेच उभयार्थी आहेत : विणकाम शिकता येते आणि विणकाम पेटीत घडी घालून ठेवताही येते. घरगुती व्यवहारात ह्या संदिग्धतेने कोणाचेही अडत नाही. परंतु हक्क ज्या शब्दावर उभा करावयाचा त्याचा अर्थ 'करणे' की 'केलेली वस्तू', हे ठरविण्यावाचून गत्यंतर नसते.

वॉटची कल्पना ज्या यंत्रातून निघाली ते न्यूकोमेनचे यंत्र १७१२ पासून खाणींतील पाणी उपसण्याच्या कामी लागलेले होते. (न्यूकोमेनचे हे यंत्रसुद्धा स्वतःच्या नव्हे तर सेव्हरीच्या १६९८ च्या पेटंटाच्या छत्राखाली चालले. ते पेटंट पार्लमेंटाने वाढवून १७३३ पर्यंत नेले होते, तेव्हा वॉटच्या मुदतवाढीस पूर्वोदाहरण नव्हते असे नाही.) ह्या यंत्रात वाफ सिलिंडरात घ्यावयाची, आत थंड पाण्याचा फवारा सोडून तिचे पाणी करावयाचे, आणि निर्माण झालेल्या पोकळीमुळे बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जावयाचा, अशी योजना असे. प्रत्येक खेपेस सिलिंडर थंड होई व पुढील खेपेची बरीचशी वाफ तो पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या वॉटच्या हाती १७६३–६४ च्या हिवाळ्यात ह्या यंत्राचा एक नमुना दुरुस्तीसाठी आला. त्यातील अपव्यय त्याने मोजला, आणि १७६५ च्या वसंत ऋतूत त्यास उत्तर सुचले : वाफेचे पाणी सिलिंडरात न करता वेगळ्या, सदैव थंड ठेवलेल्या पात्रात करावे. सिलिंडर गरम राहील, शीतपात्र थंड राहील.

कल्पना सुचणे व तिचा उद्योग होणे ह्यांत दहा वर्षांचे अंतर पडले. वॉटजवळ पैसा नव्हता. पोटासाठी त्यास कालव्यांची मोजणी करीत हिंडावे लागे. कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्याचा एक संस्थापक जॉन रोबक ह्याने वॉटचे कर्ज फेडून व पेटंटाचा खर्च सोसून हक्काचा दोन-तृतीयांश वाटा घेतला. त्याने बोल्टनला तीन परगण्यांपुरता परवाना देऊ केला, तो बोल्टनने नाकारला; करावयाचे तर साऱ्या जगासाठी करावयाचे, अशी त्याची भूमिका होती. नव्या शोधाचा हक्क तुकडे करून विकावा की एकत्र राखावा, ह्याविषयीची त्याची दृष्टी ह्या नकारातच दिसून येते.

पेटंट ५ जानेवारी १७६९ रोजी मिळाले. त्याच्या शीर्षकात यंत्राचा दावा नाही. 'अग्नियंत्रांतील वाफ व इंधन ह्यांचा खप कमी करण्याची नवी शोधलेली पद्धती', असे ते शीर्षक होते. चार महिन्यांच्या आत विवरणपत्र दाखल करावयाचे होते. वॉटने आकृत्यांसह तपशीलवार वर्णन तयार केले होते. पण बोल्टनचा स्नेही डॉ. विल्यम स्मॉल (हा पूर्वी व्हर्जिनियात अध्यापक होता, व थॉमस जेफरसन त्याचा विद्यार्थी) ह्याने वेगळा सल्ला दिला : आकृती देऊ नये, विशिष्ट यंत्ररचनेचे वर्णन करू नये, तत्त्वे मात्र सांगावीत. एखादी आकृती दिली की प्रतिस्पर्धी तिच्यात थोडा फरक करून हक्काच्या कक्षेबाहेर पडेल. तत्त्व सांगितले तर कोणत्याही आकाराचे यंत्र केले तरी ते कक्षेतच राहील. वॉटने हे मानले. २९ एप्रिल १७६९ रोजी दाखल झालेल्या विवरणपत्राच्या आरंभीच 'माझी पद्धती पुढील तत्त्वांची बनलेली आहे', अशा अर्थाचे विधान आहे. 'पद्धती' व 'तत्त्व' हे दोन्ही शब्द अशा रीतीने एकाच वाक्यात येऊन बसले.

विवरणपत्रातील सात कलमांच्या क्रियापदांकडे लक्ष दिले असता एक मौजेची गोष्ट आढळते. पहिल्या कलमात सिलिंडर वाफेइतका तप्त 'ठेवला पाहिजे' असे आवश्यकतेचे रूप आहे. दुसऱ्यात वाफेचे पाणी वेगळ्या पात्रांत 'करावयाचे आहे' आणि तिसऱ्यात उरलेली हवा पंपांनी 'काढून घ्यावयाची आहे' अशी विध्यर्थी कर्मणी रूपे आहेत. कर्ता कोण, साधन कसे, आकार कोणता, ह्यांविषयी ती जवळजवळ मौन पाळतात. चौथे व सहावे कलम केवळ 'योजण्याचा मानस आहे' एवढेच सांगते. पाचव्यात मात्र क्रियापद एकदम वर्तमानकाळी व प्रथमपुरुषी होते : वर्तुळाकार गती हवी तेथे मी पोकळ कड्यांच्या आकाराची पात्रे बनवितो, ती पाणचक्कीसारखी आडव्या कण्यावर बसवितो, इत्यादी. सर्व कलमांत आकाराचे खरे वर्णन आहे ते एवढ्या एकाच ठिकाणी. आणि हे वाफेचे चाक व्यवहारात कधीही यशस्वी झाले नाही. ज्या दुसऱ्या कलमावर पुढे सारी संपत्ती उभी राहिली त्यास आकारच नाही. सातवे कलम दट्ट्याभोवतीची फट बुजविण्यासाठी पाण्याऐवजी तेल, मेण, चरबी, पारा वापरण्याविषयीचे आहे व ते निरुपद्रवी आहे.

१७७३ मध्ये रोबकचे दिवाळे निघाले व त्याचा वाटा येण्याच्या बदल्यात बोल्टनकडे आला. १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला राहावयास गेला. तोवर चौदांपैकी पाच वर्षे संपली होती व विकण्याजोगे एकही यंत्र सिद्ध झाले नव्हते. मोठा सिलिंडर अचूक गोल कोरून काढण्याची विद्या जॉन विल्किन्सनने त्याच सुमारास साधली नसती तर उरलेली वर्षेही वाया गेली असती. बोल्टनने व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब केला की उरलेल्या मुदतीत भांडवल परत येणे नाही. म्हणून १७७५ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटाकडे अर्ज गेला. (त्याच महिन्यात डॉ. स्मॉल वारला, आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे त्यास कळले नाही.) एडमंड बर्कसारख्या वक्त्याचा विरोध असतानाही मे महिन्यात कायदा संमत झाला आणि हक्क १८०० पर्यंत वाढला, स्कॉटलंडही त्याच्या कक्षेत आले. परंतु ह्या कायद्याच्या शीर्षकात 'पद्धती' नाही. वॉटने शोधलेल्या 'विवक्षित वाफयंत्रां'चा अनन्य उपयोग व मालकी त्यास दिली आहे, अशी त्याची शब्दयोजना आहे. १७६९ ची 'पद्धती' १७७५ मध्ये 'यंत्र' झाली. हा बदल हेतुपुरस्सर केलेला असो वा नसो, पुढे विरोधकांच्या हाती ते एक शस्त्रच पडले.

ह्या हक्काचा व्यापारी उपयोग बोल्टन व वॉट ह्यांनी ज्या रीतीने केला तो आजही अभ्यसनीय आहे. १७७६ पासून कितीतरी वर्षे ही पेढी संपूर्ण यंत्रे बनवीतच नसे. सिलिंडर विल्किन्सनकडून यावयाचा. सोहोहून नकाशे, झडपा व काही नाजूक भाग जावयाचे. बाकीचे सामान व मजूर खाणमालकाने जमवावयाचे. पेढी घेई ते शुल्क; आणि ते शुल्क असे होते की जुन्या यंत्राच्या तुलनेने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, तो वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे; म्हणून तेथील तांब्याच्या व कथलाच्या खाणींना ही बचत प्राणदायी होती. यंत्राच्या तुळईवर कुलूपबंद पेटीत गणकयंत्र बसवून खेपा मोजीत व त्यावरून बचत काढीत. पुढे फिरत्या गतीची यंत्रे गिरण्यांना देण्याची वेळ आली. तेथे तुलनेस जुने यंत्र नव्हते, घोडे होते. तेव्हा शुल्क घोड्यांच्या संख्येवर आले : दर अश्वशक्तीस वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा. मिनिटास ३३,००० फूट-पौंड हे अश्वशक्तीचे मान भौतिकीच्या पुस्तकांत आता निरुपद्रवी परिभाषा म्हणून वावरते; त्याचा जन्म शुल्काच्या बिलात झाला आहे.

दुसऱ्याच्या हक्काचा काच ह्या भागीदारांनाही बसला. फिरत्या गतीसाठी साधा क्रँक पुरेसा होता. पण जेम्स पिकार्डने १७८० मध्ये त्याच्या वाफयंत्रातील योजनेसंबंधी पेटंट घेऊन ठेवले होते. वॉटने ते पेटंट न्यायालयात आव्हानिले नाही. त्याऐवजी १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दंतचक्रांसह पाच पर्यायी युक्त्यांचे स्वतंत्र पेटंट घेतले. पेटंटांविरुद्ध उच्चारलेला प्रत्येक युक्तिवाद आपल्या पहिल्या पेटंटावरही उलटू शकतो, हे त्यास ठाऊक असावे. १७८२ व १७८४ मध्ये आणखी पेटंटे घेण्यात आली. पण मूळ इमारत १७६९ च्या कागदावरच उभी राहिली.

मध्यंतरी कायद्याची हवा पालटली होती. स्मॉलने सल्ला दिला तेव्हा विवरणपत्र ही बरीचशी औपचारिक बाब होती. १७७८ मध्ये लायर्डेट विरुद्ध जॉन्सन ह्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्डने तिला नवा अर्थ दिला : अनन्य हक्काच्या मोबदल्यात शोधकाने जनतेस आपली विद्या अशा रीतीने सांगितली पाहिजे की मुदत संपल्यावर त्या धंद्यातील माणसास ती वस्तू करता यावी. १७८५ मध्ये रिचर्ड आर्कराइटचे पिंजण्याच्या यंत्रांचे पेटंट विवरणाच्या दुर्बोधतेमुळे गेले. त्याच वर्षीच्या आधीच्या एका सुनावणीत वॉटने आर्कराइटच्या बाजूने साक्ष दिली होती, ह्याचे कारण केवळ स्नेहभाव नव्हे. १७६९ मध्ये जी संदिग्धता शहाणपणाची होती ती सोळा वर्षांत धोक्याची झाली. विवरणपत्र तेच होते. त्याचा वाचक बदलला होता.

कॉर्नवॉलमध्ये असंतोष वाढत होता. पूर्वी ह्याच पेढीसाठी यंत्रे उभारणारा एडवर्ड बुल हा सिलिंडर उलटा करून थेट विहिरीवर बसवी व त्यास वेगळे शीतपात्र जोडी. १७९३ मध्ये त्याच्यावर खटला झाला. ज्यूरीने अतिक्रमण झाल्याचा कौल दिला, परंतु पेटंट मुळात वैध आहे काय हा प्रश्न कॉमन प्लीज न्यायालयापुढे गेला. १७९५ मध्ये चार न्यायाधीशांत दोघे एका बाजूस व दोघे दुसऱ्या बाजूस असा बरोबरीचा भेद झाला. हीथच्या मते मॅन्युफॅक्चर म्हणजे विकता येईल अशी वस्तू. 'पद्धती' विकता येत नाही. बुलरचा कोटिक्रम अधिक अवघड होता : दावा तत्त्वाचा असेल तर तत्त्वास पेटंट नाही, दावा यंत्राचा असेल तर ते यंत्र विवरणपत्रात कोठे वर्णिले आहे? उलट रूकने विचारले की यंत्राच्या रचनेत काही बदल केल्यावाचून त्यातील वाफ वाचविण्याची दुसरी 'पद्धती' असणार तरी कोणती? मुख्य न्यायाधीश एअर ह्याने नुसते तत्त्व आणि मूर्त पदार्थांशी जोडलेले तत्त्व असा भेद केला व दुसऱ्यास संरक्षण मिळू शकते असे मत दिले. बुलरची तर्कशृंगी काटेकोर आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु तीत एक गृहीत दडलेले आहे, की कागदावरील शब्दास एका वेळी एकच अर्थ असतो.

निकालच न लागल्यामुळे अनेक खाणमालकांनी शुल्क अडवून धरले. तेव्हा दुसरा खटला जेबेझ हॉर्नब्लोअर व त्याचा भागीदार मॅबर्ली ह्यांच्यावर झाला. १७९६ च्या डिसेंबरात ज्यूरीचा कौल पुन्हा पेढीच्या बाजूने पडला. विरुद्ध पक्षाकडून कुलूपकारागीर म्हणून नामांकित असलेला जोझेफ ब्रामा उभा होता. ह्या विवरणावरून कोणासही यंत्र बांधता येणार नाही, हे त्याचे म्हणणे त्याने १७९७ मध्ये मुख्य न्यायाधीशास उद्देशून छापलेल्या पत्रात विस्ताराने मांडले. ब्रामाची तक्रार खोटी नव्हती. प्रकरण किंग्ज बेंचपुढे गेले व जानेवारी १७९९ मध्ये चौघाही न्यायाधीशांनी पेटंट वैध ठरविले. मुख्य न्यायाधीश केन्यन ह्याने स्पष्ट म्हटले की हे केवळ तत्त्वाचे पेटंट असते तर तो आक्षेप निर्णायक ठरला असता. परंतु पेटंट व विवरणपत्र एकत्र वाचले असता तसे दिसत नाही. भाषाभ्यासकास अधिक महत्त्वाचे मत न्यायमूर्ती लॉरेन्सचे वाटेल. 'पद्धती' म्हणजे काटेकोरपणे अनेक गोष्टींची सोयीस्कर क्रमाने मांडणी. पण तिचा अर्थ युक्ती, योजना असाही होतो. 'एंजिन' शब्दाचाही तसा अर्थ होतो. म्हणून येथे दोन्ही शब्द एकार्थी मानण्यास हरकत नाही, असे त्याने म्हटले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने लॉरेन्सचे बरोबरच होते : 'एंजिन' हे लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे बुद्धी, कल्पकता ह्या शब्दाचे अपत्य आहे, आणि लोखंडी सांगाडा हा त्याचा मागाहून आलेला अर्थ. आपला 'यंत्र' शब्दही ताइतातील आकृतीपासून गिरणीपर्यंत सर्वत्र संचार करतो. १७६९ ची 'पद्धती' व १७७५ चे 'यंत्र' ह्यांतील जी फट विरोधकांना सापडली होती ती अशा रीतीने शब्दकोशाने बुजविली.

विजय मिळाला तेव्हा हक्काचे दीड वर्षही उरले नव्हते. अर्थात थकलेली शुल्के वसूल करण्यास तो उपयोगी पडला. दरम्यान दोघांच्या मुलांनी दूरदृष्टीने दुसरी तजवीज केली होती. कागदाच्या आधारावर नव्हे तर कारागिरीच्या आधारावर यंत्रे विकता यावीत म्हणून सोहो फाउंड्री हा स्वतंत्र कारखाना १७९६ मध्ये उघडण्यात आला. साडेचारशे ते पाचशे यंत्रांचा अनुभव व नकाशांचा मोठा संग्रह पाठीशी असलेली ही पेढी पेटंटाच्या अंतानंतरही दीर्घकाळ चालली.

कॉर्नवॉलच्या खाणींनी मात्र निराळा मार्ग धरला. १८११ पासून जोएल लीन ह्याच्या देखरेखीखाली खाणीखाणींतील यंत्रांच्या कामगिरीचे मासिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. कोणते यंत्र किती कोळशात किती पाणी उपसते हे सर्वांस खुले झाले. तेथील अभियंते पुढे क्वचितच पेटंट घेत, व त्या काळात तेथील यंत्रांची कार्यक्षमता सतत वाढत गेली. ह्यावरून वॉटच्या हक्काने प्रगती अडविली, असे प्रतिपादन मिशेल बोल्ड्रिन व डेव्हिड लिव्हाइन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात केले. जॉर्ज सेल्जिन व जॉन टर्नर ह्यांनी २०११ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. दोन्ही पक्ष पेटंटाच्या मुदतीविषयी बोलतात. परंतु कॉर्नवॉलचा रोष मुदतीइतकाच व्याप्तीवरही होता. वेगळे शीतपात्र कोणत्याही आकाराचे, कोठेही, कसेही जोडले तरी ते वॉटचेच. आणि ही व्याप्ती एप्रिल १७६९ मध्ये गाळलेल्या आकृत्यांतून आलेली होती.

१६२४ चा तो उभयार्थी शब्द पुढे साम्राज्याच्या कायद्यांतून प्रवास करीत भारतात आला. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यातील 'शोधा'च्या मूळ व्याख्येत कला, प्रक्रिया, पद्धती आणि 'मॅन्युफॅक्चरचा प्रकार' हे शब्द शेजारी शेजारी बसविलेले होते; वॉटच्या न्यायाधीशांना ज्यावर भांडावे लागले ते सारे पर्याय एका ओळीत आले. २००२ च्या दुरुस्तीने ती व्याख्या बदलून 'उत्पादन किंवा प्रक्रिया' अशी केली. शिवाय गणिती व व्यावसायिक पद्धती, अल्गोरिदम आणि 'पर से', म्हणजे निव्वळ स्वरूपातील, संगणक-आज्ञावली ह्यांस पेटंट मिळणार नाही असे ठरविले. 'पर से' ह्या दोन लॅटिन शब्दांची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. आज्ञावलीवर आधारलेल्या अनेक भारतीय नवोद्योगांचे पेटंट-अर्ज ह्या दोन शब्दांवर अडतात वा सुटतात. आज्ञावलीवर आधारलेले खरेखुरे शोध नाकारले जाऊ नयेत म्हणूनच ते शब्द कायद्यात घातले गेले, असा त्यांचा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये लावला.